फ्रीजर, फॉरमॅट, फर्मवेअर: एसएसडीतला डेटा वाचवणारे नव्हे, घालवणारे उपाय

कृषी केंद्रवाले, सेतू चालवणारे, लग्नाचं शूटिंग करणारे यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. एसएसडी (कॉम्प्युटरची चिपांवर डेटा साठवणारी डिस्क) बंद पडली तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. नाही जमलं तर नुसती वीज देऊन ठेवा. तरी नाही तर फॉरमॅट मारून रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, नाहीतर फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतला प्रोग्राम, नव्याने टाका. शेवटी चिपा काढून दुसऱ्या बोर्डावर लावा, डेटा हमखास मिळतो. यातली एकच गोष्ट कामाची आहे. बाकीच्यांनी पेरणीच्या तोंडावर उधारीचं अख्खं खातं पुसलं जाऊ शकतं.

फ्रीजरचा तोडगा जुन्या हार्ड डिस्कचा. तिच्यात फिरणारे, अडकणारे भाग असतात. एसएसडीत हलणारं काहीच नाही. उलट पावसाळी हवेत बाहेर काढली की बोर्डावर पाणी धरतं, आणि तशीच जोडली तर शॉर्ट.

नुसती वीज देणं मात्र खरोखर करून बघण्यासारखं आहे. कुठली फाइल कुठल्या चिपेत, कुठल्या जागी आहे याचा नकाशा एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार बघणारी मुख्य चिप, ठेवतो. लिहिणं चालू असताना लाइन गेली, की नकाशा अर्धवट राहतो आणि डिस्क दिसेनाशी होते. अशा वेळी डेस्कटॉपमध्ये डेटा केबल काढून फक्त पॉवर केबल लावा. २० मिनिटं चालू, ३० सेकंद बंद, पुन्हा २० मिनिटं चालू; मग डेटा केबल जोडा. लॅपटॉपची एम.२ डिस्क (थेट बोर्डात बसणारी पट्टी) असेल तर तेवढाच वेळ बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या, स्क्रीनवर थांबा. हे इन्व्हर्टरवरच करा, मध्ये लाइन जायला नको. वीज देताच डिस्क बोटाला चटका देण्याइतकी तापली तर लगेच काढा, तो शॉर्ट आहे.

डिस्क दिसू लागली तरी तिच्यावरून विंडोज सुरू करू नका. ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारलं तर नको म्हणा, कारण ती दुरुस्ती त्याच डिस्कवर लिहिते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून डीडीरेस्क्यू या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, घ्या. पहिल्या फेरीत खराब जागा सोडून पुढे जा, चांगलं आधी निघू द्या. कुठवर कॉपी झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल ठेवली असेल तर डिस्क मध्येच बंद पडली तरी काम तिथूनच पुढे चालू होतं. फाइली शोधायच्या त्या इमेजमधून.

सगळ्यात घातक सल्ला फॉरमॅटचा. विंडोज ७ पासून पुढे, फाइल डिलीट केली किंवा फॉरमॅट मारलं की विंडोज डिस्कला कळवते, या जागा आता नकोत. हे ट्रिम. कंट्रोलर त्या जागा नकाशातून काढतो आणि वाचायला गेलं तर बहुतेक डिस्क शून्यं देतात. म्हणूनच डिलीट झालेल्या फाइलींची नावं आणि साइज सॉफ्टवेअर बरोबर दाखवतं, पण फोटो उघडला की आत काहीच नसतं. डिस्क बाहेरून जोडायच्या काही यूएसबी केस ट्रिम पुढे पाठवत नाहीत, तिथे आशा असते. चुकून डिलीट झालंच तर पॉवर बटण दाबून धरा आणि डिस्क काढून ठेवा. नुसत्या विजेवरसुद्धा कंट्रोलर आतली साफसफाई करत राहतो.

फर्मवेअरचंही तसंच. स्वस्तातल्या अनेक डिस्कमध्ये फायसन कंपनीचा एस११ कंट्रोलर असतो. तो बिघडला की बायोसमध्ये कंपनीच्या नावाऐवजी ‘साटाफर्म एस११’ दिसतं. व्हिडिओत दाखवतात ते फॅक्टरीचं टूल चिपा पुसून नवा नकाशा मांडतं. डिस्क जिवंत होते, पण रिकामी. डेटा रिकव्हरीचे लॅबवाले पीसी-३००० सारख्या खास यंत्राने तात्पुरता प्रोग्राम कंट्रोलरच्या रॅममध्ये चढवतात आणि जुना नकाशा नव्याने जुळवतात.

चिपा दुसऱ्या बोर्डावर? डेटा सगळ्या चिपांत तुकड्या-तुकड्यांनी विखुरलेला, शिवाय घुसळलेला, आणि बऱ्याच डिस्कमध्ये कुलूपबंद (एन्क्रिप्ट केलेला) असतो. किल्ली मूळ कंट्रोलरकडे. तो जळला तर बहुतेक वेळा डेटा निघत नाही, हे सरळ सांगितलेलं बरं. मात्र पॉवरची आयसी किंवा एखादा कपॅसिटर शॉर्ट असेल, तर तेवढाच भाग बदलून सगळा डेटा परत येऊ शकतो. अडीच इंची डिस्कची ५ व्होल्टची, एम.२ ची ३.३ व्होल्टची लाइन मल्टिमीटरवर शॉर्ट आहे का, हे बोर्ड दुरुस्त करणारा लगेच सांगेल. विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधीच काढून ठेवा. ती नसेल तर निघालेला डेटाही उघडत नाही.

आणि ‘उन्हाळा सरू द्या, मग नागपूरला नेऊ’ हे नको. लिहिण्याची मर्यादा संपलेली साधी एसएसडी विजेविना ३० अंशांत वर्षभर डेटा धरेल, एवढीच जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे, आणि उष्णता वाढली की ती मुदत झपाट्याने घटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाखालच्या कपाटात त्याहून जास्त. डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत घाला, आतापर्यंत काय-काय केलं ते कागदावर लिहून सोबत ठेवा, आणि देण्याआधी फोनवर विचारा: माझ्या डिस्कच्या कंट्रोलरला तुमचं यंत्र चालतं का?