आमच्यात डिव्होर्स होत नाही!

तुम्ही कॅथलिक असाल तर सगळ्यात आधी हे वाक्य पाठ करा, आमच्यात डिव्होर्स होत नाही. ऑफिसात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी घटस्फोटाचा विषय काढला की जरा मान वर करून म्हणायचं, आणि म्हणताना घरातला हिशोब डोक्यात आणायचा नाही. चुलत बहीण कधीची माहेरी येऊन राहिलीय ती बाळाच्या शाळेसाठी. मामेभाऊ कुवेतला आणि वहिनी नालासोपाऱ्यात, तो व्हिसाचा प्रॉब्लेम. काका काकूंशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत पण रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, दोघं एकाच बाकावर बसतात, म्हणजे तो तर सुखी संसारच झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि वसईपासून वांद्र्यापर्यंत आपल्या लोकांनी ही मूठ जितकी घट्ट धरलीय तितकं दुसरं काही धरलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

ही परंपरा तुमच्या हातून मोडू नये म्हणून थोडं मार्गदर्शन करतो.

तयारी लग्नाच्या आधीपासून हवी. हॉल वर्षभर आधी बुक करा, कॅटररकडे चव बघायला अख्खं खानदान न्या, फुगे (तळलेले गोल पाव) कोण तळणार, इंद्याल (डुकराचं मटण) कोण करणार, विधीसाठी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणायला बँड कुठला सांगायचा यावर दोन्ही घरांत यथेच्छ रुसवेफुगवे होऊ द्या. ज्याच्याशी लग्न करताय त्याला मात्र काही विचारू नका. कर्ज किती आहे, पोरं हवीत का, शनिवारची बाटली रविवारी पण चालू असते का, आईला फोन न करता साधा फ्रिज तरी घेता येतो का, असले प्रश्न विचारून उगाच मूड कशाला घालवायचा. चर्चने यासाठी मॅरेज प्रिपरेशन कोर्स ठेवलाय, तो करा, कारण सर्टिफिकेटशिवाय फादर तारीख देत नाहीत. मागच्या बाकावर बसायचं, डॉक्टरांच्या सेशनला खाली बघून हसायचं आणि नवरा-बायकोतल्या संवादावर एखादं वयस्कर जोडपं जीव तोडून बोलत असेल तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर सुटाच्या कापडाचे फोटो बघायचे.

मग घोषणा. तीन रविवार चर्चमध्ये तुमची नावं वाचली जातात आणि कुणाला या लग्नाला अडथळा माहीत असेल तर कळवा असं सांगितलं जातं. गावाला सगळं माहीत असतं हो, मुलाचं पिणं माहीत असतं, मुलीचं दुसरीकडे जमलेलं आणि घरच्यांनी मोडलेलं माहीत असतं, पण कळवत कुणी नाही, एक तर लग्न मोडल्याचं पाप आपल्या माथी नको, आणि दुसरं म्हणजे पत्रिका आलेली असते.

यानंतरची पायरी नीट पार पाडा. फादर मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवून एक फॉर्म भरून घेतात. स्वतःच्या मर्जीने लग्न करतेस का? कुणाचा दबाव आहे का? हे बंधन मरेपर्यंतचं आहे हे मान्य आहे का? मुलं होऊ द्यायला तयार आहेस का? एकमेकांपासून काही लपवलंय का? प्रश्न खरोखर चांगले आहेत, आणि इतक्या स्पष्टपणे ते तुम्हाला आयुष्यात दुसरं कुणी विचारणार नाही. पण दाराबाहेर बाकावर आई मांडीवर पर्स धरून बसलेली असते, हॉलचा अ‍ॅडव्हान्स गेलेला असतो, म्हणून सगळ्याला "हो फादर" किंवा "नाही फादर", जे जिथे बसेल ते, म्हणायचं आणि सही करायची. फॉर्म कपाटात जातो. त्याला विसरू नका, पुढे भेटायचाय तो.

लग्न होतं. ते छानच होतं, त्यावर काय लिहायचं.

आता गाडी घसरायला लागली की काय करायचं? काही नाही. आत्याला विचारा, आत्या म्हणेल सहन कर, रोज रोझरी म्हण, आमच्या वेळी आम्ही काय काय सोसलं. नवरा हात उचलत असेल तर त्याच्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. आणि एक गोष्ट चुकूनही कुणाला कळू देऊ नका, ती म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यातच, कॅनन ११५३ मध्ये, जोडीदारापासून जीवाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहायची मुभा दिलीय, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहून ठेवलंय की कधी कधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या गरजेचंसुद्धा असतं. हे बायकांना कळलं तर आत्याचं काय होणार?

तरीही समजा तुम्ही ऐकत नाही आणि कोर्टात जायचंच म्हणता. जा. आपला, म्हणजे ख्रिश्चनांचा, घटस्फोटाचा कायदा आहे १८६९ चा, ब्रिटिशांनी केलेला, आणि जुन्या वस्तूंची आवड असलेल्यांना तो फार आवडेल. त्यात पूर्वी नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की झालं, बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरायचा नाही, त्याच्या जोडीला क्रूरता नाहीतर सोडून जाणं असं काहीतरी वर दाखवायला लागायचं. म्हणजे नवरा बाहेर भानगड करतोय एवढ्यावर भागत नाही, घरी येऊन मारतो पण का, तर मग या. इंग्लंडने आपल्या बायकांना यातून १९२३ मध्ये सोडवलं. आपल्याकडे मुंबई हायकोर्टाने १९९७ मध्ये हा भेदभाव रद्द केला आणि संसदेला जाग आली २००१ मध्ये. त्याच दुरुस्तीत परस्पर संमतीने घटस्फोटाचं कलम आलं, तोवर दोघांना शांतपणे वेगळं व्हायचं असेल तरी एकाला दुसऱ्यावर काहीतरी घाण टाकावीच लागायची. आणि संमती आहे म्हणून लगेच मिळेल असं समजू नका. हिंदूंना एक वर्ष वेगळं राहिलं की अर्ज करता येतो, ख्रिश्चनांसाठी कायद्यात दोन वर्षं लिहिली. केरळ हायकोर्टाने २०१० मध्ये त्याचं एक वर्ष केलं आणि २०२२ मध्ये तेही काढून टाकलं, पण कायद्याच्या पुस्तकात दोन ते दोनच छापलेलं आहे. आपण दोनदा विचार करतो असं सरकारला वाटत असावं.

बरं, कोर्टाचा कागद हातात आला की सुटलात का? छे. कोर्टासाठी तुम्ही मोकळे, चर्चसाठी विवाहित. देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये, आणि न्यायाधीश हा माणूसच. उलट बाजूने गेलात, म्हणजे आधी चर्चकडून लग्न रद्दबातल असल्याचा निकाल घेतलात, तर चर्चसाठी तुमचं लग्न कधी झालंच नव्हतं आणि सरकारसाठी ते अजून चालू आहे. चर्चचा निकाल कायद्याने मानावा म्हणून एक जनहित याचिका थेट सुप्रीम कोर्टात गेली होती, २०१७ च्या जानेवारीत कोर्टाने ती फेटाळली. चर्चच्या कागदावर विसंबून कुणी दुसरं लग्न केलं तर ते द्विविवाहात बसू शकतं. तर दोन्हीकडे चपला झिजवा. एकच माणूस एकाच दिवशी वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात घटस्फोटित, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वहीत विवाहित आणि आईच्या मते "सध्या जरा वेगळे राहतात" असू शकतो, हा योग इतर धर्मांत सहसा मिळत नाही.

(गोव्यातल्या वाचकांनी इथे हसू नये. तुमच्याकडे पोर्तुगीजांचा १८६७ चा सिव्हिल कोड, आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या आणि नंतर चर्च. ती सही म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी असं समजून करायची, पासपोर्टसाठी करायची, आणि चर्चच्या लग्नाआधीच फिसकटलं की मग कळतं आपण कायद्याने नवरा-बायको होऊन बसलोय, ना पांढरा गाऊन ना केक.)

आता ट्रिब्युनल, म्हणजे लग्न रद्दबातल आहे का ते ठरवणारं चर्चचं स्वतःचं कोर्ट. इथे मी वेळ घेणार, कारण एवढं बारीक काम दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. पहिली गोष्ट, हा डिव्होर्स नाही. डिव्होर्समध्ये झालेलं लग्न संपतं, इथे सिद्ध करायचं असतं की त्या दिवशी, त्या वेदीपुढे, त्या ४०० पाहुण्यांसमोर जे झालं ते लग्नच नव्हतं. म्हणजे नंतर नवऱ्याने काय केलं याला तसं महत्त्व नाही, "हो" म्हणताना डोक्यात काय होतं ते महत्त्वाचं. जबरदस्ती होती का, फसवणूक होती का, मुलं नकोतच असं मनात ठरलं होतं का, किंवा हल्ली जो सगळ्यात जास्त ऐकू येतो तो कॅनन १०९५, म्हणजे लग्न काय असतं हे उमजण्याची किंवा ते निभावण्याची मानसिक कुवतच नव्हती का. हे ऐकून तुम्हाला वाटेल की या हिशोबाने गावातली निम्मी लग्नं... वाटू दे, बोलू नका.

तुम्हाला लांबलचक प्रश्नावली मिळेल. लहानपण कसं गेलं, आईवडिलांचं आपसात कसं होतं, ओळख कशी झाली, लग्नाआधी भांडणं झाली का, मोडावं असं कधी वाटलं का, कुणाला सांगितलं का, हनिमून कसा गेला. लग्नाआधी एकमेकांना जे विचारायचं राहिलं ते सगळं इथे एका फादरांना लिहून द्यायचं, सविस्तर, सहीनिशी. मग साक्षीदार लागतात, आणि तेही त्या काळापासून तुम्हाला ओळखणारे. हे कोण? तीच आत्या, तोच बेस्ट मॅन, टोस्टला माइक धरून "मेड फॉर इच अदर" म्हणणारा तोच मामा. आता त्यांनी सांगायचं की आम्हाला पहिल्या दिवसापासून शंका होती. सांगतात हो, फार आनंदाने सांगतात, फक्त तारखेला येत नाहीत. कायद्यात म्हटलंय पहिल्या पातळीवरचा खटला वर्षापेक्षा लांबू नये, पण कॅननमध्ये मामाचा गुडघा धरलेला नाही.

आणि मग कपाटातून तो फॉर्म बाहेर येतो. तुमचीच सही. "दबाव आहे का? नाही फादर."

यात एक अधिकारी असतो, डिफेंडर ऑफ द बाँड. त्याचं काम काय, तर तुमच्या लग्नाची बाजू लढवणं. नवऱ्याला ते लग्न नकोय, बायकोला नकोय, सासूला तर कधीच नको होतं, पण हा एक माणूस चिकाटीने म्हणतो की नाही, लग्न वैध असू शकतं, अमुक मुद्दा बघा. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात त्या लग्नाची खरी काळजी असलेला हा एकटाच, आणि त्याला पत्रिकासुद्धा नव्हती.

पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर २०१५ मध्ये हे बरंच सोपं केलं. आधी एका ट्रिब्युनलने लग्न रद्दबातल ठरवलं तरी दुसऱ्याने तेच परत म्हणायला लागायचं, ते त्यांनी काढलं, अगदी उघड प्रकरणं बिशपांनी झटपट निकालात काढावीत अशी सोय केली, आणि शक्य तितकं हे काम विनामूल्य व्हावं म्हणाले. ही माहिती तुमच्या गावात पोहोचलेली नसेल, काळजी नको. तिथे अजून "त्याने पैसे देऊन करून घेतलं" हेच चालतं आणि तेच चालू ठेवा. सोबत "मग आता पोरं अनौरस का?" हे पण विचारत राहा, भर लग्नाच्या पंगतीत विचारलं तर उत्तमच. उत्तर "नाही" असं आहे, कॅनन ११३७ मध्ये स्पष्ट लिहिलंय, पण उत्तर ऐकायला तुम्ही थोडीच विचारलेलं असतं.

तसंच ख्रिस्तप्रसादाचं, म्हणजे मिस्साला रांगेत उभं राहून घ्यायच्या कम्युनियनचं. घटस्फोट झालेली बाई रांगेत उभी राहिली की मान तिरकी करून बघायचं आणि शेजारणीला कोपर मारायचं. खरं तर नुसता घटस्फोट झाला म्हणून ख्रिस्तप्रसाद बंद होत नाही, अडचण येते ती चर्चमधून मोकळं न होता दुसरं लग्न केलं तर. त्या लोकांसाठी १९८१ पासूनचा तोडगा असा की मुलांसाठी वगैरे एकत्र राहावंच लागत असेल तर संयमाने राहा, बोलीत ज्याला भावाबहिणीसारखं म्हणतात. वन रूम किचनमध्ये. पोप फ्रान्सिसनी मग २०१६ च्या त्याच लिखाणात एका तळटीपेत, नंबर ३५१, काही जणांना संस्कारांची (ख्रिस्तप्रसाद वगैरेंची) मदत मिळू शकेल असं सुचवलं, तर चार कार्डिनलांनी (चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूंनी) त्यावर लेखी शंका विचारल्या. तळटीपा वाचायची सवय आपल्याकडे नाही, त्यामुळे आपल्याकडे सगळं शांत आहे.

हे फार किचकट वाटत असेल तर इंग्लंडच्या राजाचा, आठव्या हेन्रीचा मार्ग आहे. कॅथरीनशी जवळपास १८ वर्षं संसार केल्यावर त्याला आठवलं की ही तर आपल्या भावाची विधवा, लग्न चुकीचंच होतं. पोप सातवे क्लेमेंट काही ऐकेनात, तेव्हा त्याने १५३४ मध्ये स्वतःलाच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख करून घेतलं. तुमच्याकडे राज्य असेल तर जरूर विचार करा. नाहीतर फिलिपिन्स बघा, जगात फिलिपिन्स आणि व्हॅटिकन या दोनच ठिकाणी डिव्होर्सचा कायदा नाही (फिलिपिन्सच्या मुसलमानांना आहे, ते सोडून). व्हॅटिकनचं समजू शकतो, तिथे लग्न झालेली माणसं असून असून किती. फिलिपिन्सने मात्र १९८७ मध्ये आपला कॅनन १०९५ सरळ सरकारी कायद्यात उचलून घातला, त्यामुळे तिकडे डिव्होर्स होत नाही, फक्त लोक कोर्टात जाऊन मानसिक अक्षमता सिद्ध करतात. बघा, जमतं.

समजा दोन्ही कागद आले, कोर्टाचा आला, ट्रिब्युनलचा आला, आणि तुमचं परत कुणाशी तरी जमलं. निकालाला कधी कधी अट जोडलेली असते की विचारल्याशिवाय पुन्हा लग्न करू नये, ती आधी वाचा. मग धर्मग्रामाच्या ऑफिसात जाऊन स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) ताजा दाखला मागा, सहा महिन्यांच्या आतला लागतो. जुनी जाडजूड वही निघेल, तुमच्या नावासमोर समासात सगळं ओळीने असेल, दृढीकरण, लग्न, ते लग्न नव्हतं याची नोंद, नंबर आणि तारखेसकट. ऑफिसातल्या बाई ते बोट ठेवून वाचतील, मग चष्म्यावरून तुमच्याकडे बघतील, आणि त्यांची बहीण तुमच्या आईच्या सोडॅलिटीत, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या मंडळात, आहे. तुम्ही शांतपणे विचारायचं, झेरॉक्स इथेच मिळेल का, आणि हॉलची चौकशी पण यांच्याकडेच करायची ना.