दुरंगी कार्डाला गिऱ्हाईक किती?

गेल्या रविवारी आमच्या घरी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाचा ड्राफ्ट झाला. पहिल्या पॅकमधून मी एक लाल कार्ड उचलले आणि उरलेला पॅक, त्यात ‘असॅसिन्स ट्रोफी’ असतानाही, शेजाऱ्याकडे सरकवला. पंधरा कार्डांचा तो पॅक आठ जणांच्या हातांतून फिरून पुन्हा माझ्याकडे आला तेव्हा त्यात सात कार्डे उरली होती आणि त्या सातांत ट्रोफी जशीच्या तशी होती. एक काळा आणि एक हिरवा माना भरून समोरच्याच्या ताब्यातली कोणतीही गोष्ट, अगदी त्याचे लँड, म्हणजे माना देणारे कार्डसुद्धा, उडवून लावणारे हे कार्ड आहे. (‘माना’ म्हणजे कार्ड खेळण्यासाठी मोजावी लागणारी शक्ती. हा शब्द मराठीत लिहिताना दर वेळी माझी मान अवघडते, परंतु आमच्या टेबलावर तोच चालतो.) २०१८ मध्ये ‘गिल्ड्स ऑफ रॅव्हनिका’ या संचात ते आले तेव्हा आमच्यापैकी तिघांनी ते हौसेने मागवले होते. आता मात्र पंगतीत कारल्याची भाजी फिरावी तसे ते आठही जणांसमोरून फिरले आणि कोणी हात लावला नाही. त्यात कोणाचेही काही चुकले नव्हते. चूक झाली असेल तर क्यूब भरणाऱ्याची, म्हणजे माझी.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्यूब म्हणजे आपल्या आवडीची कार्डे निवडून तयार केलेला कायमचा संग्रह. आमचा ३६० कार्डांचा आहे, कारण आठ खेळाडूंना प्रत्येकी पंधरा कार्डांचे तीन पॅक दिले की बरोबर ३६० होतात. प्रत्येक जण एक कार्ड ठेवून उरलेला पॅक पुढे देतो, यालाच ड्राफ्ट म्हणतात, आणि शेवटी जमलेल्या ४५ कार्डांतून बावीस-तेवीस निवडून, त्यांत सतरा लँड घालून ४० कार्डांचा डेक लावतो. खेळात पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा असे पाच रंग असून बहुतेक जण त्यांतल्या दोन रंगांत खेळतात. दोन किंवा अधिक रंगांचा माना मागणारी कार्डे १९९४ च्या ‘लेजंड्स’ या संचात पहिल्यांदा आली. त्यांची चौकट सोनेरी असल्यामुळे खेळाडू त्यांना ‘गोल्ड’ म्हणतात.

नवा संच आला की त्यातली सोनेरी कार्डे पाहून आमच्या गटाचा व्हॉट्सॲप दोन दिवस वाजत राहतो आणि दर वेळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते, तो म्हणजे कार्ड किती जोरदार आहे. माझे म्हणणे असे की क्यूबसाठी हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. कार्ड हातात घेतल्यावर आधी टेबलावरची डोकी मोजावीत.

हिशेब सोपा आहे. पाच रंगांच्या दहा जोड्या होतात आणि टेबलावर खेळाडू आठ असतात. म्हणजे एखाद्या ठरावीक जोडीत खेळणारे सरासरी ०.८ जण, पुरता एकही नव्हे. याउलट आठ जणांचे प्रत्येकी दोन असे सोळा रंग पाचांत वाटले, तर एकेका रंगात सरासरी ३.२ खेळाडू येतात. एकरंगी कार्डाला तीन गिऱ्हाइके असतात आणि दुरंगी कार्डाला एखादे मिळाले तर मिळाले. क्यूब नवा होता तेव्हा मी प्रत्येक जोडीला सहा याप्रमाणे साठ सोनेरी कार्डे घातली होती आणि प्रत्येक पॅकच्या शेवटच्या तीन-चार कार्डांत सोनेरी रंग का चमकतो, याचे मला नवल वाटत असे. त्यात नवल करण्यासारखे काहीच नव्हते. ज्याच्या रंगांचे ते कार्ड आहे असा एकच माणूस टेबलावर असेल आणि त्याच्या हाती तो पॅक उशिरा आला असेल, तर ते कार्ड तोपर्यंत फिरत राहणारच.

गिऱ्हाईक मिळाल्यावरही अडचण संपत नाही. नऊ लँड एका रंगाचे आणि आठ दुसऱ्या रंगाचे असा साधा डेक घ्या. पहिला डाव आपला असेल तर दुसऱ्या फेरीपर्यंत आठ कार्डे पाहायला मिळतात आणि त्या आठांत दोन्ही रंगांचा किमान एकेक लँड असण्याची शक्यता सुमारे ७७ टक्के येते. नऊ लँड असलेल्या एकाच रंगाची गरज असेल तर तीच शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. साध्या लँडपैकी तीन काढून दोन्ही रंग देणारे तीन लँड घातले, तर ७७ चे ८५ होतात. म्हणजे ज्याला दोन मानाचे सोनेरी कार्ड आपण स्वस्त म्हणतो, ते साध्या डेकमध्ये चारांतल्या एका डावात वेळेवर खेळताच येत नाही. (हात परत करून नवा घेण्याची मुभा मी या हिशेबात धरलेली नाही.)

म्हणून माझ्या मते सोनेरी कार्डाने दोनपैकी एक गोष्ट तरी केलीच पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या निवडीला ते दिसले तर माणसाने आपला रंग बदलण्याचा विचार करावा इतके ते जबरदस्त असावे किंवा त्या दोन रंगांना एकेकट्याने जे मिळत नाही ते त्याने द्यावे. हिरव्या-निळ्या ‘ओको, थीफ ऑफ क्राउन्स’मध्ये पहिली गोष्ट होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या या कार्डावर पुढच्याच महिन्यात स्टँडर्डमध्ये, म्हणजे फक्त अलीकडच्या संचांच्या स्पर्धाप्रकारात, बंदी आली, इतकी ती जास्त होती. दुसऱ्या गोष्टीचे माझे आवडते उदाहरण म्हणजे निळे-काळे ‘बेलफुल स्ट्रिक्स’. आकाराने एकास एक (म्हणजे मारा एक, सहनशक्ती एक) असा हा उडता पक्षी आल्या आल्या एक कार्ड देतो आणि ज्याच्याशी झुंजतो त्याला घेऊनच मरतो. ते उचलणाऱ्याला आपण कोणत्या तऱ्हेचा डेक बांधायचा हे त्या एका कार्डावरूनच कळते. एकरंगी कार्ड मध्यम ताकदीचे असले तरी कोणाच्या ना कोणाच्या डेकमध्ये तेविसावे म्हणून जागा मिळवते. सोनेरी कार्डाला मध्यम असणे परवडत नाही.

याच कसोटीवर मी गेल्या वर्षी ‘लाइटनिंग हेलिक्स’ काढले आणि घरात वादळ झाले. एक लाल, एक पांढरा माना, तीन नुकसान करून वर आपल्याला तीन गुणांचे आयुष्य देणारे हे २००५ च्या ‘रॅव्हनिका’चे कार्ड आमच्या गटात सगळ्यांचे लाडके. माझा मावसभाऊ म्हणाला, “दादा, हेलिक्स काढलंस म्हणजे आमटीतून गूळ काढलास.” त्याला मी सांगितले ते असे, की लाल-पांढऱ्या खेळाडूला ‘लाइटनिंग बोल्ट’ आहे, ‘चेन लाइटनिंग’ आहे, पांढऱ्यात ‘स्वॉर्ड्स टू प्लाउशेअर्स’ आहे. एका मानात समोरच्याचा प्राणी हटवण्याची या जोडीला कधीच वानवा नसते. बोल्टला टेबलावर तीन गिऱ्हाइके आहेत आणि हेलिक्सला एकही धड नाही. हेलिक्स वाईट नाही, त्याने अडवलेली जागा महाग आहे. मावसभाऊ अजून मानत नाही आणि रविवारी आला की बॉक्समध्ये आधी हेलिक्स परत आले का ते पाहतो.

मात्र कार्डावर दोन रंग दिसले की ते दुरंगी, असे धरून चालणारेही फसतात. हायब्रिड मानाची कार्डे, म्हणजे ज्यांच्या किमतीतले चिन्ह दोनपैकी कोणत्याही रंगाने भरता येते ती, दिसायला दुरंगी असली तरी वागायला दुरंगी नसतात. हिरव्या-पांढऱ्या ‘किचन फिंक्स’ची किंमत तीन माना असून त्यांतले दोन हिरवे किंवा पांढरे लागतात. दहा जोड्यांपैकी सात जोड्यांत हिरवा किंवा पांढरा रंग असतोच, त्यामुळे आठांपैकी सरासरी ५.६ खेळाडू ते खेळू शकतात. एकरंगी कार्डापेक्षाही हा आकडा मोठा आहे! २००१ च्या ‘अपॉकॅलिप्स’मधल्या ‘फायर’ आणि ‘आइस’ या जोडकार्डाचेही तसेच आहे, कारण लाल खेळाडू त्यातला अर्धा भाग वापरतो, निळा दुसरा वापरतो आणि दोन्ही रंगांचा माणूस मिळाला तर त्याची चंगळ. उलट बाजूला ‘लिंगरिंग सोल्स’ आहे. त्याची चौकट पांढरी, पण ते दुसऱ्यांदा वापरण्यासाठी काळा माना लागतो, त्यामुळे त्याचा अर्धा जीव काळ्या रंगात अडकलेला आहे. मी अशा कार्डांना चौकटीच्या रंगावरून जागा देणे केव्हाच सोडले.

हायब्रिडमध्येही डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि त्यासाठी ‘डेथराइट शामन’ जरा जवळून पाहू. किंमत एकच माना, काळा किंवा हिरवा. इथवर सात जोड्यांचा हिशेब बरोबर आहे. पण खाली त्याची तीन कामे लिहिली आहेत. पहिले काम मृत कार्डांच्या ढिगातला लँड काढून माना देण्याचे, दुसरे काळा माना भरून समोरच्याचे दोन आयुष्य घेण्याचे आणि तिसरे हिरवा माना भरून आपल्याला दोन देण्याचे. निळ्या-काळ्या डेकमध्ये तिसरे काम बंद पडते. पहिले काम तर ढिगात लँड असेल तरच चालते आणि स्वतःला मारून दुसरा लँड आणणारे फेच लँड क्यूबमध्ये कमी असतील, तर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत ढिगात लँड येणार कुठून? मॉडर्न आणि लेगसी या दोन्ही फॉरमॅटमधून, म्हणजे स्पर्धाप्रकारांतून, हाकलले गेलेले हे कार्ड आमच्या टेबलावर पुष्कळदा एका मानाचा, एकास दोन आकाराचा गरीब माणूस होऊन बसलेले मी पाहिले आहे. एखाद्या फॉरमॅटमधल्या कीर्तीवरून क्यूबमधली किंमत ठरवू नये, याला दुसरा दाखला लागू नये. तिथे खेळाडू एका कार्डाच्या चार प्रती आणि त्यांना साजेसे लँड घरूनच लावून येतो; इथे हाती येईल त्यावर भागवावे लागते.

आता ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली त्या कार्डांकडे येतो. एप्रिल २०२५ मध्ये आलेला ‘टार्किर: ड्रॅगनस्टॉर्म’ हा संच तीन रंगांच्या पाच घराण्यांवर बेतलेला आहे आणि त्यातली दोन कार्डे मी क्यूबसाठी बाजूला काढून ठेवली होती.

पहिले ‘स्कर्मिश ऱ्हायनो’. २०१४ मधल्या ‘सीज ऱ्हायनो’चा हा धाकटा भाऊ. थोरल्याची किंमत चार माना, आकार चारास पाच, आणि तो येताना समोरच्याचे तीन आयुष्य घेऊन आपल्याला देतो. धाकट्याची किंमत तीन, आकार तीनास चार, देणेघेणे दोनचे. वाचताना धाकटाच स्वस्त वाटतो, परंतु त्याचे तिन्ही माना वेगवेगळ्या रंगांचे आहेत, पांढरा, काळा आणि हिरवा. सहा, सहा आणि पाच असे साधे लँड लावले तर तिसऱ्या फेरीपर्यंत तिन्ही रंग हाती असण्याची शक्यता जेमतेम ४५ टक्के निघते. बहुरंगी लँड मिळाले तर ती वाढते हे खरे, पण तेच लँड टेबलावरच्या इतरांनाही हवे असतात. थोरला ऱ्हायनो आमच्या क्यूबमध्ये दोन वर्षे होता आणि तेवढ्या काळात ज्यांनी तो मनापासून खेळला त्यांची नावे मी एका हाताच्या बोटांवर सांगू शकतो. धाकट्याला मी घेत नाही.

दुसरे ‘राक्षसाज बार्गेन’. (टार्किरमधले राक्षस मांजराच्या तोंडाचे असतात. आजीच्या गोष्टींतल्या राक्षसाला हे कळले तर तो काय म्हणेल कोण जाणे.) याच्या किमतीत तीन चिन्हे आहेत, एक काळे, एक हिरवे आणि एक निळे, आणि प्रत्येक चिन्ह त्या रंगाच्या एका मानाने किंवा कोणत्याही दोन मानांनी भरता येते. अशी चिन्हे २००८ च्या ‘शॅडोमूर’मध्ये पहिल्यांदा आली होती. तिन्ही रंगांचा खेळाडू तीन मानात हे कार्ड खेळतो, त्यांतले दोन रंग असलेला चारात, एक असलेला पाचात. दहा जोड्यांपैकी तीन जोड्यांना ते चारात पडते, सहांना पाचात आणि एकट्या लाल-पांढऱ्या जोडीला सहात. काम असे की वरची चार कार्डे पाहायची, दोन हातात घ्यायची आणि उरलेली दोन ढिगात टाकायची. २०२१ चे निळे ‘मेमरी डेल्यूज’ चार मानात पहिल्या खेपेस जवळपास हेच करते, मात्र त्यात दोन माना निळेच लागतात आणि उरलेली कार्डे तळाशी जातात. डेल्यूज नंतर ढिगातून सात मानात पुन्हा वापरता येते हा त्याचा मोठा फायदा, आणि बार्गेन निळ्या रंगाशिवायही खेळता येते हा बार्गेनचा. काळ्या-हिरव्या खेळाडूला कार्डे ढिगात गेलेली हवीच असतात, शिवाय आपल्या फेरीत राखून ठेवलेल्या मानांतून समोरच्याच्या फेरीत चारांतली दोन निवडण्याची सोय त्याला एरवी सहसा मिळत नाही.

तीन रंगांच्या चौकटीत बसवलेले हे कार्ड डोकी मोजली तर माझ्या क्यूबमधल्या कित्येक दुरंगी कार्डांपेक्षा जास्त जणांच्या उपयोगाचे निघते, आणि म्हणून ते घ्यायचे असे मी ठरवले आहे.

माझी मांडणी अशी आहे: प्रत्येक रंगाची पन्नास म्हणजे २५० कार्डे, प्रत्येक जोडीला तीनच याप्रमाणे तीस सोनेरी, चाळीस लँड आणि चाळीस बिनरंगी. काळ्या-हिरव्या जोडीत ट्रोफी राहील. रविवारी तिला कोणी घेतले नाही याचे कारण त्या दिवशी त्या जोडीत कोणीच नव्हते, आणि ते कार्ड तरीही समोरच्याच्या ताब्यातली कोणतीही गोष्ट दोन मानात काढते. शामन आजपासून काळ्या पन्नासांत मोजला जाईल. बार्गेनला स्लीव्ह घातले खरे, पण बॉक्समध्ये ते कोणत्या रंगाच्या खणात ठेवायचे हे काही ठरेना. बिनरंगी म्हणावे तर निळा, काळा किंवा हिरवा यांपैकी एकही रंग नसलेल्याला ते सहा मानाला पडते, आणि सोनेरी म्हणावे तर या जोड्यांच्या तीन जागांत ते मावत नाही. तूर्त ते निळ्या कार्डांच्या मागे, मेमरी डेल्यूजला चिकटून, आडवे ठेवले आहे. रविवारी ड्राफ्टला येणाऱ्यांनी ते तिथून सरळ करू नये.