साउंड मीटर कालबाह्य झालेला नाही

होम थिएटरचा नाद असलेल्यांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. कुणी नवा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर, घेतला की त्याला तो पाठवला जातोच. मजकूर थोडक्यात असा: "स्पीकर जुळवायला साउंड लेव्हल मीटर लागायचा ते दिवस गेले. रिसीव्हरसोबत येणारा माइक सगळं आपोआप करतो. खात्री करायची असेल तर मोबाइलवर ॲप आहे, तेही तेवढंच अचूक. ७५ डेसिबल हा आकडा नुसती रूढी आहे. सबवूफर तर कानानेच लावायचा असतो. शेवटी आपला कान हाच सर्वांत चांगला मीटर."

यातलं प्रत्येक वाक्य ऐकायला पटण्यासारखं आहे आणि प्रत्येकात खऱ्याचा थोडा अंश आहे. म्हणून तर ते पसरतं. पण यावर विसंबून लावलेल्या खोल्यांमध्ये मी बसलो आहे. संवाद आला की आवाज वाढवायचा, गोळीबार आला की कमी करायचा, असं रिमोट हातात धरून सिनेमा बघणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी चांगल्या स्पीकरवर पैसे घातलेले असतात, आणि खोट असते फक्त जुळवणीत.

रिसीव्हरच्या माइकपासून सुरुवात करू. ऑडिसी, डिरॅक किंवा यामाहाच्या यपाओसारख्या, या माइकवर चालणाऱ्या जुळवणीच्या यंत्रणांना मी नावं ठेवणार नाही. स्पीकरचं अंतर, आवाजाची पातळी, खोलीमुळे होणारे चढउतार हे सगळं त्या मोजतात, आणि यातली बरीच कामं मीटरच्या आवाक्यातलीही नाहीत. मी स्वतः आधी त्यांचीच स्वयंचलित चाचणी चालवतो. पण माइक जिथे ठेवाल तिथलंच तो ऐकतो, ही गोष्ट हा मजकूर लपवतो.

एका मित्राची तक्रार होती की संवाद दबतात आणि मागचे स्पीकर अंगावर येतात. चाचणी त्याने दोनदा चालवली होती, दोन्ही वेळा रिसीव्हरने सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. मी मीटर स्टँडवर लावला, तो बसतो तिथे, त्याच्या कानाच्या उंचीवर. पुढचा डावा ७५, पुढचा उजवा ७५, सेंटर ७३, मागचे दोन्ही ७८. म्हणजे ज्या स्पीकरमधून बहुतेक सगळे संवाद येतात तो मागच्या स्पीकरपेक्षा पाच डेसिबलने हळू होता. माइक कुठे ठेवला होतास, असं विचारल्यावर त्याने सोफ्याच्या बैठकीवर, उशीवर टेकवून दाखवला. तिथे सोफ्याची पाठ मागच्या स्पीकरच्या आड येत होती. रिसीव्हरला ते हळू वाटले, म्हणून त्याने ते वाढवले. सेंटर टीव्हीखाली, त्या खाली ठेवलेल्या माइकच्या अगदी समोर. तो मोठा वाटला, म्हणून कमी केला. यंत्रणेने हिशोब बरोबर केला होता, फक्त तो उशीसाठी केला होता, माणसाच्या डोक्यासाठी नव्हे. माइक स्टँडवर कानाच्या उंचीला घेऊन चाचणी पुन्हा चालवली आणि पाचही स्पीकर अर्ध्या डेसिबलच्या आत आले. चूक रिसीव्हरच्या पडद्यावर कुठेच दिसत नव्हती. ती मीटरवर दिसली.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण मीटर वापरणारेही इथे फसतात. अनेक डेनॉन आणि मरांट्झ रिसीव्हरमध्ये सेटिंगच्या मेनूतला टेस्ट टोन (जुळवणीसाठी वाजवला जाणारा ठराविक आवाज) ऑडिसीने केलेल्या दुरुस्तीतून जात नाही, तो तिला वळसा घालून थेट स्पीकरकडे जातो. चाचणीनंतर त्याच टोनवर मीटर धरला तर आकडे थोडे हललेले दिसतात आणि माणूस चांगली जुळवणी बिघडवून बसतो. पडताळणी करायची ती डिस्कवरच्या किंवा फाइलमधल्या पिंक नॉइजवर (सगळे सूर असलेल्या सलग खरखराटावर), म्हणजे सिनेमाचा आवाज ज्या वाटेने जातो त्याच वाटेने. तसंच सबवूफरचं (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरचं) अंतर रिसीव्हरने प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवलं तर ते टेप लावून 'दुरुस्त' करू नका. सबच्या आतल्या फिल्टरमुळे आवाजाला जो उशीर होतो, तो त्या आकड्यात धरलेला असतो.

मोबाइलच्या ॲपचं काय? फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. खालचा घुमार कापणं, आजूबाजूचा गोंगाट दाबणं, हळू आवाज आपोआप उचलणं आणि मोठा दाबणं ही त्याची नेहमीची कामं. मोजमापाच्या दृष्टीने हे सगळे अडथळे आहेत. काही फोनवर ॲपला ही प्रक्रिया बंद करता येते, काहींवर नाही. अमेरिकेतली नायॉश ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था. तिने स्वतःचं साउंड मीटर ॲप काढलं ते फक्त आयफोनसाठी, कारण अँड्रॉइडमध्ये फोनगणिक माइक आणि अंतर्गत जोडणी इतकी वेगळी की एकसारख्या अचूकतेची हमी देता येत नाही. 'तेही तेवढंच अचूक' या वाक्याला एवढं उत्तर पुरे.

तरी ॲप अगदीच निकामी आहे असं मी म्हणणार नाही. एकाच फोनने, एकाच जागेवरून, एकाच बैठकीत डाव्या आणि उजव्या स्पीकरची तुलना करायला ते चालून जातं. दोन फोनचे आकडे एकमेकांशी ताडून बघायला किंवा सबवूफर लावायला मात्र ते घेऊ नका.

आता ७५. हा आकडा रूढीने आलेला नाही, त्यामागे सरळ हिशोब आहे. सिनेमाचा आवाज जिथे मिक्स होतो तिथे डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खालचा पिंक नॉइज वाजवून प्रत्येक मुख्य चॅनल श्रोत्याच्या जागी ८५ डेसिबलवर आणतात, मीटर 'सी' (खालचे सूर फारसे न कापणारी मोजणी) आणि 'स्लो' (आकडा सावकाश बदलणारी मोजणी) वर ठेवून. वर २० डेसिबलची जागा उरते, म्हणजे त्या चॅनलचा सर्वोच्च आवाज १०५ पर्यंत जाऊ शकतो. घरच्या खोलीत ८५ वरचा सततचा खरखराट सहन करणं अवघड, म्हणून रिसीव्हरमधला टोन सहसा आणखी १० डेसिबल खाली, म्हणजे कमाल पातळीच्या ३० खाली, उणे ३० वर असतो. त्यामुळे वाचन ७५. टोन दहाने उतरला, वाचन दहाने उतरलं, पातळी तीच राहिली. मुख्य व्हॉल्यूम शून्यावर असताना ७५ मिळाले की तुमचं शून्य आणि मिक्सिंगच्या खोलीतलं शून्य एकच होतं.

म्हणून टोन कोणता आहे हे न बघता ७५ चा धरलेला आग्रह चुकीचा ठरतो. काही डिस्कवरचा टोन उणे २० चा असतो, तिथे ८५ वर यायचं. तो ७५ वर आणलात तर सगळी यंत्रणा संदर्भ पातळीपेक्षा, म्हणजे मिक्सिंगच्या खोलीतल्या पातळीपेक्षा, दहा डेसिबल खाली राहील. पण स्पीकरचं एकमेकांशी जुळणं मात्र तरीही अबाधित असेल, आणि मला सगळ्यांत महत्त्वाचं तेच वाटतं. साधा मीटर खऱ्यापेक्षा दोन डेसिबल जास्त दाखवत असला तर तो सगळ्याच स्पीकरना दोन जास्त दाखवतो. वाण्याचा तराजू दोन ग्रॅम जास्त दाखवत असला तरी दोन पुड्या सारख्या वजनाच्या आहेत की नाहीत हे तो बरोबरच सांगतो. म्हणून या कामाला प्रयोगशाळेतला क्लास १ चा मीटर लागत नाही. क्लास २ चा पुरतो, आणि त्याहून साधाही, फक्त त्यावर 'सी' आणि 'स्लो' या दोन सोयी हव्यात.

'सी' चा आग्रह का, तर 'ए' हे वेटिंग (मोजताना कोणत्या सुराला किती वजन द्यायचं ते) खालचे सूर जवळजवळ पुसून टाकतं. ६३ हर्ट्झला 'ए' २६ डेसिबल कमी मोजतं, 'सी' एक डेसिबलसुद्धा नाही. गोंगाट मोजायला दिलेले मीटर बहुतेक वेळा 'ए' वरच ठेवलेले असतात. त्यावर सबवूफर ७५ ला आणायला गेलात तर घराच्या खिडक्या थरथरतील.

सबवूफर कानाने लावायचा हा सल्ला मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण नेमका तिथेच कान सगळ्यांत जास्त फसवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज कमी असताना माणसाला खालचे सूर मधल्या सुरांच्या मानाने फारच कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढला की ही तफावत कमी होते. आता घरात काय होतं ते बघा. रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून हळू आवाजात सब लावला जातो. बास कमी वाटतो, नॉब वर जातो. दुसऱ्या दिवशी सिनेमा पूर्ण आवाजात लागतो आणि प्रत्येक पाऊल ढोलासारखं घुमतं. मग नॉब खाली. मग पुन्हा वर. यात माणसाचा काही दोष नाही, कानाची घडणच तशी आहे.

मीटरलाही इथे मर्यादा आहेत आणि त्या मोकळेपणाने सांगायला हव्यात. 'सी' वेटिंग ३१.५ हर्ट्झला ३ डेसिबल आणि २० हर्ट्झला ६ डेसिबलच्या आसपास कमी मोजतं, त्यामुळे सबचं वाचन प्रत्यक्षापेक्षा थोडं कमी येतं. शिवाय सबच्या टोनवर आकडा एका जागी ठरत नाही, ७३ ते ७७ मध्ये झुलत राहतो. तेव्हा थोडा वेळ बघून मधला आकडा धरायचा. एलएफई चॅनलला (सिनेमातल्या घुमणाऱ्या खालच्या आवाजांच्या वेगळ्या वाटेला) लागणारी १० डेसिबलची वाढ रिसीव्हर स्वतःच देतो, आपण वेगळी घालायची नाही. आणि सगळ्यांत मोठी अडचण खोलीची. पाच मीटर लांबीच्या खोलीत पहिली अनुनादाची वारंवारता (ज्या सुराला खोली स्वतःच घुमू लागते तो सूर) ३४ हर्ट्झच्या जवळ येते. तिथे एका खुर्चीवर आवाजाचा डोंगर आणि दुसरीवर खड्डा असू शकतो. मीटर या सगळ्याचा एकच आकडा देतो. डोंगर कुठे, खड्डा कुठे, हे बघायला मोजमापाचा माइक आणि प्रत्येक सुराची पातळी आलेखावर दाखवणारं आरईडब्ल्यूसारखं सॉफ्टवेअर लागतं. आधी सबची जागा बदलून बघा, मग इक्वलायझर, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करणारी सोय. मीटरने फक्त शेवटची पातळी बांधायची.

राहिला 'कान हाच मीटर'. दोन आवाज लागोपाठ ऐकवले तर कान एका डेसिबलचा फरकही ओळखू शकतो, हे खरं. पण पुढून आणि मागून आलेला एकच आवाज कानाला एकसारखा ऐकूच येत नाही. कानाची पाळी मागून येणारे वरचे सूर वेगळे वळवते, त्यामुळे मागचा पिंक नॉइज वेगळ्या पोताचा लागतो, आणि पोत वेगळा असला की मोठा कोणता हे सांगणं अवघड होतं. मी हे अनेकांवर करून पाहिलं आहे. डोळे मिटवून मागचे स्पीकर पुढच्यांशी जुळवायला सांगितले तर दोन-तीन डेसिबलची चूक सहज होते, आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी वेगळी चूक करतो.

मीटर योग्य धरला तरच त्याचा उपयोग, म्हणून पद्धत सांगतो. हातात धरून मोजू नका, तुमचं अंग आवाज परतवतं आणि अडवतंही. स्टँडवर, बसल्यावर कान असतो त्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून दूर ठेवा. माइकचं टोक छताकडे करा, म्हणजे सगळ्या स्पीकरकडे त्याची कड सारखी राहते. एका स्पीकरकडे रोखून, मग वळवून दुसऱ्याकडे, असं करू नका. तुम्ही बाजूला, खालच्या पातळीवर बसा आणि आकडा लांबून वाचा. रिसीव्हरमधलं डायनॅमिक व्हॉल्यूम, नाइट मोड वगैरे आवाज आपोआप कमी-जास्त करणाऱ्या सोयी बंद करा. पंखा, एसी बंद. सगळं शांत असताना मीटर काय दाखवतो ते आधी बघा. टोन चालू असतानाचं वाचन त्या शांततेतल्या वाचनापेक्षा दहा डेसिबलने वर असेल तर गोंगाटामुळे होणारी चूक अर्ध्या डेसिबलच्या आत राहते. फरक तीनच असेल तर वाचनात अख्खे तीन डेसिबल गोंगाटाचे असतात. सबच्या मागचा नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करा. रिसीव्हरमध्ये सबचा ट्रिम (एकेका स्पीकरची पातळी कमी-जास्त करणारा आकडा) तळाला, अनेकांत उणे १२ ला, जाऊन टेकला असेल तर नॉब जास्त उघडा आहे. तो कमी करून चाचणी पुन्हा चालवा.

आवडीनिवडीला मी विरोध करत नाही. संवाद आणखी ठसठशीत हवे असतील तर सेंटर एक-दोन डेसिबल वर घ्या. बास जास्त आवडत असेल तर सब तीनने वाढवा. फक्त आधी सगळं जुळवून घ्या आणि त्या वेळचे ट्रिम एका कागदावर लिहून रिसीव्हरखाली ठेवा. सोफा हलवला, मागे नवा पडदा लावला, स्पीकर वीतभर सरकवला, की तो कागद आणि मीटर घेऊन दहा मिनिटं बसा.