गुडघेदुखी, हौशी धावपटू आणि साताऱ्याचा उतार

पावसाळा लागला की पुणे-सातारा भागातील धावपटूंच्या गटांमध्ये सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी जोर धरते आणि त्याच सुमारास गुडघेदुखीच्या तक्रारीही वाढू लागतात. ही तक्रार घरच्यांच्या कानावर गेली की उत्तर ठरलेले असते : “बास झाले आता ते धावणे, वाट्या झिजतील आणि म्हातारपणी काठी हातात येईल.” गटात विचारले तर दुसऱ्या टोकाचे उत्तर मिळते : “एक गोळी घे, नी कॅप चढव आणि पळ.” माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. हौशी धावपटूंची बहुतेक गुडघेदुखी आटोक्यात आणता येते, मात्र त्यासाठी गुडघ्यावर किती भार पडतो आहे आणि तो किती वेगाने वाढवला गेला, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडावा लागतो.

आधी झिजेविषयी लिहितो, कारण भीती तिथेच आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात गुडघा व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंमध्ये सुमारे ३.५ टक्के, न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये सुमारे १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये सुमारे १३.३ टक्के आढळले. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत आणि ज्यांचे सांधे मुळातच चांगले, तेच लोक धावत राहतात हा भागही त्यात असणार, त्यामुळे धावल्याने संधिवात टळतो असे मी म्हणणार नाही. पण बेताने धावणाऱ्या माणसाचे गुडघे धावण्यामुळेच निकामी होतात, या समजुतीला या आकड्यांतून काहीही आधार मिळत नाही.

आपल्यात सर्वाधिक आढळते ते वाटीच्या मागे किंवा भोवती होणारे दुखणे. जिना उतरताना, उकिडवे बसताना आणि बराच वेळ खुर्चीत बसून उठताना ते जाणवते, आणि नेमके कुठे दुखते ते एका बोटाने दाखवता येत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला होणारे दुखणे वेगळे असते. खुब्यापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याच्या खालपर्यंत येणाऱ्या पट्ट्याशी ते निगडित असते, धावायला लागल्यावर ठरावीक अंतराने सुरू होते आणि उतारावर वाढते. दोन्ही प्रकारांची सुरुवात बहुधा सारखीच असते : आठवड्याचे किलोमीटर, वेग आणि चढ-उतार, तिन्ही एकाच महिन्यात वाढवलेले असतात.

साताऱ्याच्या शर्यतीत नेमके हेच घडते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर वळायचे आणि तोच घाट उतरून परत यायचे, असा तो २१ किलोमीटरचा मार्ग आहे. चढाची धास्ती सगळ्यांना असते, पण चढावर हृदय आणि फुप्फुसे थकतात. गुडघ्यांची परीक्षा उतारावर होते. खाली येताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आवळून शरीराला रोखून धरतो आणि त्याचा दाब वाटीवर येतो. सपाट रस्त्यावर कितीही किलोमीटर केले तरी या कामाची सवय होत नाही. म्हणूनच घाटाचा सराव हळूहळू वाढवावा, आणि ज्यांचा गुडघा कुरकुरतो आहे त्यांनी सिंहगडाचा रस्ता धावत चढून गाडीने खाली यावे, असे मी आवर्जून सांगतो. दमसास वाढतो आणि गुडघ्याला उसंत मिळते.

भार सांभाळण्याला मी इतके महत्त्व देतो त्याला आधार आहे. कॅनडातील क्वेबेकमध्ये वाटीभोवती दुखणाऱ्या ६९ धावपटूंचे तीन गट करण्यात आले होते. एका गटाला फक्त भार कसा कमी-जास्त करावा हे शिकवले, दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम दिले आणि तिसऱ्याला त्यासोबत धावण्याची ढब बदलायला शिकवले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. त्या शिकवणीचा गाभा साधा होता : अंतर आणि वेग कमी करा, उतार आणि जिने काही काळ टाळा, दुखणे दहापैकी दोनच्या वर जाऊ देऊ नका, धावून झाल्यावर ते तासाभरात पूर्ववत झाले पाहिजे आणि मग हळूहळू वाढवा.

म्हणून व्यायाम करू नयेत, असे मात्र नाही. माझा गुडघा दुखत होता तेव्हा फिजिओथेरपिस्टने मला आरशासमोर एका ठेंगण्या पायरीवर एका पायावर उभे केले आणि दुसऱ्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवून पुन्हा वर यायला सांगितले. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून गुडघा अंगठ्याच्या आतल्या बाजूला कलताना आणि कंबर दुसऱ्या बाजूला झुकताना स्पष्ट दिसत होती. दुखणे गुडघ्यात असले तरी खुब्याभोवतीचे स्नायूही बळकट करावे लागतात, हे तेव्हा नुसते ऐकण्यापेक्षा पाहून पटले. पायरी उतरणे, एका पायावरचा ब्रिज (पाठीवर झोपून एका पायाच्या आधाराने कंबर उचलणे), कुशीवर झोपून पाय उचलणे आणि दुखत नाही तेवढ्याच खोलीपर्यंत बैठका, हे आठवड्यातून दोन-तीनदा करावे आणि निकालासाठी दीड ते तीन महिने धीर धरावा. नी कॅपने आधार वाटत असेल तर जरूर वापरावी, पण तिच्या भरवशावर अंतर वाढवू नये.

पावलांच्या लांबीकडेही लक्ष द्यावे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या २०११ सालच्या अभ्यासात धावपटूंनी वेग तोच ठेवून, पावले आखूड टाकत मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या ५ टक्क्यांनी वाढवली, तेव्हा गुडघ्याला शोषावी लागणारी ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी घटली. मिनिटाला १६० पावले पडत असतील तर ती १६८ करणे, एवढाच हा बदल आहे. उतारावर लांब ढांगा टाकण्याचा मोह आवरणे म्हणजेही हेच.

वेदनाशामक गोळ्यांबाबत मला कळकळीने सांगावेसे वाटते. शर्यतीच्या पहाटे सुरुवातीच्या रेषेजवळ गोळ्यांची पट्टी हातोहात फिरते, हे मी पाहिले आहे. घामाने शरीरातले पाणी कमी होत असताना आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी मूत्रपिंडांवर ताण आणते. शिवाय ज्या दुखण्याकडे पाहून थांबायचे की नाही हे ठरवायचे, तेच झाकले जाते.

एमआरआयची घाईही अशीच अनाठायी असते. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथे पन्नाशीपुढील सर्वसाधारण नागरिकांचे एमआरआय काढले, तेव्हा ज्यांच्या गुडघ्यातील गादी फाटलेली दिसली त्यांपैकी ६१ टक्के लोकांना मागील महिन्याभरात गुडघ्याचा कसलाच त्रास झालेला नव्हता. अहवालातले वाक्य वाचून खचून जाण्याआधी, तपासणाऱ्या डॉक्टरांनी तुमचा गुडघा हाताने तपासला आहे का, हे पाहावे. मात्र गुडघ्याला सूज येत असेल, तो मध्येच अडकत असेल किंवा चालताना साथ सोडत असेल, रात्री दुखण्याने झोप मोडत असेल, किंवा हाडावर बोट टेकताच एकाच जागी कळ येत असेल, तर मी वर लिहिलेले सारे बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.

गटांच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की साताऱ्याच्या वेळापत्रकात चढाइतकीच उताराच्या सरावाची नोंद असावी आणि आठवड्यातील दोन दिवस पायांच्या ताकदीसाठी राखून ठेवावेत. आणि जिना उतरताना आजही ज्यांचा गुडघा दुखतो, त्यांना यंदाची शर्यत सोडून पुढच्या वर्षी या, असे सांगण्यात संकोच करू नये.