जीएसटी गेला म्हणून घरची पॉलिसी बंद करायची?

"सरकारचा ऐतिहासिक निर्णय! आरोग्य विमा करमुक्त!!" असा मथळा आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यात म्हटलंय की विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ऑफिसच्या पॉलिसीवरचाही. वयाची अट रद्द झाल्याने विमा कंपनी आता कुणालाच नाही म्हणू शकत नाही. म्हणून ऑफिसचा विमा असेल तर घरचा बंद करा, रिटायर झाल्यावर नवा घ्या. शिवाय तीन वर्षांनंतर कुठलाच क्लेम नाकारता येत नाही, आणि सत्तरीपुढच्यांना कुठल्याही हॉस्पिटलात ५ लाखांपर्यंत सगळं फुकट.

एरवी असले मेसेज मी न वाचताच पुढे सरकते. पण माझ्या आतेभावाने हा वाचून पॉलिसीचं नूतनीकरण थांबवलं. पन्नाशी उलटलेली, मधुमेह, पॉलिसी २०१४ पासून एकदाही न तुटलेली. वहिनींचा फोन आला, "ते म्हणतायत, ऑफिसचं दहा लाखांचं कव्हर आहे, मग हे तीस हजार कशाला घालवायचे?"

म्हणून आधी त्या "कुणालाच नाही म्हणू शकत नाही" कडे बघू, कारण सगळं नुकसान तिथे आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२४ मध्ये केलं ते एवढंच: पूर्वी नव्या पॉलिसीसाठी साधारण ६५ वर्षांची मर्यादा असायची, ती गेली आणि सगळ्या वयोगटांसाठी पॉलिसी ठेवणं कंपन्यांवर आलं. दुकानात सगळ्या मापांचे कपडे ठेवले, म्हणजे ते उधारीवरही द्यायचे असं होत नाही ना? अर्ज आल्यावर कंपनी तपासण्या करायला सांगू शकते, मधुमेहासाठी जादा प्रीमियम लावू शकते आणि सरळ नकारही देऊ शकते. आधीच्या आजारामुळे विमा नाकारायचा नाही, की त्यासाठी जास्त पैसे लावायचे नाहीत, हा नियम अमेरिकेत आहे, ओबामाकेअर या आरोग्य विमा कायद्याखाली २०१४ पासून. तिथे पूर्णवेळ पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने कर्मचाऱ्यांना विमा देऊ केला नाही, तर दंडाची तरतूदही आहे. मेसेज लिहिणाऱ्याने कुठलं कुठे चिकटवलं कोण जाणे.

आपल्याकडे ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेच्या, कक्षेतले, म्हणजे महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार सोडले, तर बहुतेक खासगी नोकऱ्यांत ऑफिसची ग्रुप पॉलिसी ही मालकाची मर्जी असते. ती वर्षावर्षाने नव्याने ठरते. पुढच्या वर्षी आईवडील वगळले, खोलीभाड्याला मर्यादा घातली, कोपे लावला (म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा तुम्हीच भरायचा), की तुम्हाला कळतं ते एचआरच्या मेलमधून. नोकरी सुटली की बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी कव्हरही सुटतं. मग साठाव्या वर्षी, साखरेच्या रिपोर्टांची फाइल काखेत घेऊन, दादा नवी पॉलिसी मागायला जाणार. मिळालीच तरी जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायचं. आज हातात असलेल्या पॉलिसीत हे सगळं केव्हाच पार पडलंय. ते दरवर्षीचे तीस हजार यासाठी आहेत.

आता जीएसटी. इथे मेसेज अर्धा खरा आहे, मान्य करते. ३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कौन्सिलच्या निर्णयानुसार २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक पॉलिसीवर कर शून्य, फॅमिली फ्लोटर (अख्ख्या घराची मिळून एक पॉलिसी) आणि ज्येष्ठांच्या पॉलिसी धरून. पण वैयक्तिकच. ग्रुप पॉलिसीवर १८ टक्के तसेच आहेत, आणि ऑफिसला त्याचं क्रेडिटही, म्हणजे हा कर स्वतःच्या जीएसटीतून वळता करून घेणंही, सहसा मिळत नाही. आईवडिलांच्या कव्हरसाठी पगारातून पैसे कापले जात असतील तर पावती काढून बघा, त्यात कर दिसेल. म्हणजे जी पॉलिसी स्वस्त झाली ती बंद करा आणि जिच्यावर कर आहे तिच्यावर विसंबा, असा हा सल्ला! बरं, १८ टक्के कर गेला म्हणजे विमा १८ टक्के स्वस्त, हेही गणित चुकलेलं. मूळ प्रीमियम तीस हजार असेल तर आधी ३५,४०० भरत होता, आता ३०,०००. बचत साधारण सव्वापंधरा टक्के. शिवाय विमा कंपन्यांना त्यांच्या खर्चावर भरलेल्या कराचं क्रेडिट आता मिळत नाही, तेव्हा मूळ प्रीमियमवर नजर ठेवा.

तीन वर्षांचा दावा म्हणजे दोन नियमांची खिचडी. जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की "माहिती लपवली" म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण पॉलिसीत जे वगळलंय ते पाच वर्षांनीही वगळलेलंच राहतं.

सत्तरीपुढच्यांची आयुष्मान योजना खरी आहे, उत्पन्नाची अटही नाही, कार्ड काढून ठेवाच. फक्त ती योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच चालते, आणि ५ लाख कुटुंबाला वर्षाला आहेत, आजीआजोबा दोघांत मिळून.

मेसेजमध्ये नसलेली कामाची गोष्ट सांगते. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची आहे. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा बिल लावलं, तर ते विमा कंपनीने भरायचं. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीसमोर दुपार घालवलेल्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

आणि ज्यांच्याकडे खरोखरच फक्त ऑफिसचा विमा आहे त्यांनी राजीनाम्याआधी एचआरला विचारावं, की याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का. तशी सोय नियमात आहे आणि प्रतीक्षेचा झालेला काळही धरला जातो. मात्र तिथेही कंपनी तब्येत तपासू शकते, म्हणून हे नोटीस पिरियडच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. दादासारख्यांची नूतनीकरणाची तारीख उलटून गेली असेल तर वार्षिक पॉलिसीला ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात पैसे भरले तर जुनी वर्षं टिकतात, पण वर्षाचा प्रीमियम एकरकमी भरणाऱ्यांना मधल्या दिवसांत कव्हर नसतं. वहिनींना मी आजच भरायला सांगितलंय.