पहिल्या हाफ आयर्नमॅनला ‘सब सिक्स’चं टार्गेट नको

पहिल्यांदा हाफ आयर्नमॅन करणाऱ्या कुणालाही टार्गेट विचारा, बहुतेकदा उत्तर येतं ‘सब सिक्स’. सहा तासांच्या आत १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं. आकडा ऐकायला छान आहे, पण मला तो पहिल्या रेससाठी चुकीचा वाटतो. पाणी खवळलेलं असलं, सायकलवर समोरून वारा आला, धावताना ऊन चढलं की तयारी तीच असूनही अर्धा तास सहज इकडचा तिकडे होतो. आणि मंगळवारी पहाटे अलार्म वाजतो तेव्हा आज नेमकं काय करायचं, हे तो आकडा सांगत नाही.

ध्येय ठरवण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. समजा पूलमध्ये तुम्हाला १०० मीटरला २ मिनिटं लागतात. भरपूर मेहनत करून ती १ मिनिट ५० सेकंदांवर आणली, तर १.९ किमीत वाचतात ३ मिनिटं १० सेकंद. सायकलचा सरासरी वेग ताशी २५ वरून २७ किमीवर नेला तर ९० किमीत वाचतात १६ मिनिटं! नोकरी-घर सांभाळून आठवड्याला मोजकेच तास मिळत असतील, तर ते कुठे घालायचे हे इथेच कळतं.

पण खुल्या पाण्यात उतरल्यावर ज्याचा श्वास अडकतो, त्याने हे गणित बाजूला ठेवावं. त्याचं पहिलं ध्येय पोहणंच, आणि तेही वेगाचं नाही. दर सहा-आठ स्ट्रोकला डोळे पाण्याच्या जरा वर काढून बॉय (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा, दिशा धरायची आणि श्वासाची लय मोडू द्यायची नाही. एवढं जमेपर्यंत घड्याळाकडे बघूच नये. आणि हा सराव एकट्याने कधीही करू नका, सोबत कुणीतरी हवंच.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित ध्येय म्हणजे ब्रिक, म्हणजे सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव. सायकलवरून उतरल्यावर पहिले एक-दोन किलोमीटर पाय आपले वाटतच नाहीत. त्यात सायकलच्या वेगाची सवय झालेली असते, त्यामुळे आपण हळू धावतोय असं वाटतं आणि माणूस सुसाट सुटतो. पंधराव्या किलोमीटरला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून ध्येय असं लिहा: दर आठवड्याच्या लाँग राइडनंतर लगेच बूट बदलून १५ मिनिटं धावणार, आणि तेही मुद्दाम वेग आवरून.

खाण्याचंही तसंच. सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट्स पोटात जायला हवीत, आणि पोटाला त्याची सवय करावी लागते. दर वीस मिनिटांनी थोडं खाणं हे लाँग राइडचं ध्येय असू शकतं, अगदी वेगाइतकंच महत्त्वाचं. झोपेबद्दल जास्त लिहीत नाही, ती कापून केलेला प्लॅन टिकत नाही. आणि एखादा वर्कआउट बुडाला तर तो दुसऱ्या दिवशीच्या वर्कआउटवर लादू नका, सोडून द्या.

एक रेस झाली की वेळेचं टार्गेट जरूर ठेवा, पण पाच तुकड्यांत: स्विम, टी-वन (पोहून आल्यावर सायकलवर बसेपर्यंतचा वेळ), बाइक, टी-टू (सायकल ठेवून धावायला निघेपर्यंतचा वेळ), रन. यातला जो तुकडा तुमच्या तयारीच्या मानाने सर्वांत ढिला गेला, तो पुढच्या सीझनला आधी घ्या. बाकीचे चार होते तिथेच राहिले तरी चालतील.