‘नवा परळकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलेलं

गिरणगावावरच्या मागच्या लेखाखाली ‘नवा परळकर’ या टोपणनावाने एक भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईतल्या कापड गिरण्या १९८२च्या संपाआधीच डबघाईला आल्या होत्या, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा असा की गिरण्यांच्या जमिनीबाबतच्या १९९१च्या नियमाने मालकांच्या हाती जमिनीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरत होता, म्हणून कोणी पुढे येईना; २००१च्या बदलाने ती कोंडी फुटली. तिसरा, आज तिथे ऑफिसं, घरं, दुकानं, हॉटेलं सगळं हाकेच्या अंतरावर आहे, आणि जगभरचे नगररचनाकार अशीच दाट, मिश्र वापराची वस्ती मागतात. आणि शेवटी हे: ‘काका, चाळीचं कौतुक तेच करतात ज्यांना पहाटे बादली घेऊन संडासाच्या रांगेत उभं राहावं लागलेलं नाही.’

पहिला मुद्दा मान्य. मालकांनी वर्षानुवर्षं कमावलं ते गिरणीत परत घातलं नाही, यंत्रं जुनी झाली, यंत्रमागांवर स्वस्तात कापड निघू लागलं. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्याच्या आधीपासूनच घसरण चालू होती. माझ्या लेखात याला एकच ओळ मिळाली, दोन द्यायला हरकत नव्हती. हे तुमच्या पदरात टाकतो.

आता रांगेचं बोलू.

साहेब, आपली ओळखदेख नाही. मी कोण, कुठला, काय करतो, तुम्हाला ठाऊक नाही. तरी मी कुठल्या रांगेत उभा नव्हतो हे तुम्ही खात्रीने सांगता! काळाचौकीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं होतो. संडास मजल्याच्या टोकाला, आणि त्यातल्या एकाची कडी कायम तुटलेली, त्यामुळे आत गेलेल्याने गात राहायचं अशी पद्धत होती. त्या रांगेत मी शाळेच्या परीक्षांचे पाढे पाठ केलेत. मला चाळ हवी आहे असं मी लेखात कुठे लिहिलंय? शोधा आणि दाखवा. घरात संडास हवा, हे मला कोणी टॉवरमधून खाली वाकून सांगायची गरज नाही.

वडील साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, बदली कामगार. रोज सकाळी गेटावर जायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर घरी. त्या भरवशावर सहा तोंडं चालत नाहीत म्हणून आई खानावळ चालवायची. कोकणातून, साताऱ्याकडून एकटे आलेले बाप्ये गाळ्यांत राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस, पाळीपाळीने झोपायचे. पहिल्या पाळीचं जेवण करायला आई पहाटे चारला स्टोव्ह पेटवायची. भाकऱ्या, एक कालवण, बुधवारी-रविवारी मासळी. हिशेब एका लांबट वहीत, पैसे पगाराच्या दिवशी. संपात ती वही नुसतीच भरत गेली. माणसं गावाला निघून गेली, काही सांगून, काही न सांगता. आईने धीर धरला, मग वाण्याने उधारी थांबवली, मग खानावळ बंद झाली. अशा बायका गिरणगावात हजारोंनी होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना सावकाराच्या तावडीतून काढून बँकेच्या दारात नेलं, तेव्हा कुठे ‘हाही एक धंदा आहे’ हे लोकांना पटलं.

हे सगळं ‘काकांच्या आठवणी’ म्हणून सांगत नाही. तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला हेच उत्तर आहे, म्हणून सांगतोय. तळमजल्यावर वाणी, पिठाची गिरणी, न्हावी, लाँड्री, वर घरं, घरातच खानावळ, पाच मिनिटांवर गिरणीचं गेट, पलीकडे शाळा, व्यायामशाळा, भजनी मंडळ, नाटकाचा हॉल. दाट होतं की नाही? मिश्र होतं की नाही? मग ‘गिरणगावाला मिश्र वस्ती मिळाली’ हे तुम्ही कुठल्या तोंडाने म्हणता? ती होतीच. फक्त घरं वाईट होती, हवा वाईट होती, पगार वाईट होता. ते सुधारायचं होतं. त्याऐवजी प्रत्येक गिरणीच्या जुन्या कुंपणाच्या आत एकेक बेट उभं राहिलं. आत पाम, कारंजं, सिक्युरिटी. बाहेर तोच गणपतराव कदम मार्ग, तीच ना. म. जोशी मार्गावरची फुटपाथ नसलेली वळणं.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटाने १९९६मध्ये हेच सांगितलं होतं: एनटीसीच्या (सरकारी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या) पंचवीस गिरण्या सुट्या सुट्या विकायला काढू नका, एकत्र नकाशा करा, रस्ते आणि मोकळ्या जागा आधी ठरवा. अहवाल बाजूला पडला. लोकांची ये-जा वाढली, पूल तेवढेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांच्या आगीत १४. तुमच्या प्रतिक्रियेत ‘व्हायब्रंट’ हा शब्द चार वेळा आहे, या दोन तारखांपैकी एकही नाही.

राहता राहिला दुसरा मुद्दा, नियमाचा. यावर खरं तर वेगळा लेख लिहावा लागेल आणि तो मी सवडीने लिहीन. तूर्तास एवढंच. १९९१च्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१मध्ये बदल झाला तो असा की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची, शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबात धरायची नाही. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन असते किती? सगळी शेडच. २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा अर्थ फेटाळला, मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. म्हणजे कायदेशीर, हे तुमचं म्हणणं बरोबर. कायदेशीर नव्हतं असं मी म्हटलंच नव्हतं. तुम्ही न केलेल्या विधानाला उत्तर देण्यात फार शक्ती खर्च केली आहे.

‘कामगारांना घरं मिळालीच ना’ असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. मिळाली. २०१२च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं, साडेसात लाखांना एक. अर्ज आजवर पावणेदोन लाखांच्या घरात. आमच्या चाळीतल्या एकाच्या नावाची चिठ्ठी निघाली, मी पेढे खाऊन आलो, घरही बघून आलो. २२५ चौरस फूट. दार उघडलं की ओटा, ओट्याला लागून न्हाणीघर. कपाट आणलं ते आत जाईना म्हणून लॉबीत ठेवलं, तर सोसायटीची नोटीस आली. संडास घरात आहे, कडी धड आहे, वहिनी त्यावर खूश आहेत आणि त्यांच्या जागी मीही असतो. खिडकीतून समोरच्या टॉवरचा पोडियम, म्हणजे खालच्या मजल्यांवरची राखीव गच्ची, दिसतो. त्यावर झाडं आहेत, झोपाळे आहेत. त्यांच्या नातवाला तिथे जाता येत नाही. पालिकेच्या वाट्याची मोकळी जागा म्हणायची ती हीच का, असं त्यांनी मला विचारलं होतं.

पार्किंग, मेट्रो आणि ‘तुम्ही मॉलमध्ये जात नाही का’ या तीन मुद्द्यांना उत्तर देत नाही. जातो. एसी चांगला असतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, एक शब्दही कापलेला नाही. पुढच्या वेळी जरूर लिहा. फक्त ‘काका’ ही हाक ओळखीनंतर मारतात, आणि टोपणनावामागून तर मुळीच नाही. आणि लिहाल तेव्हा एवढं करा: लोअर परळ स्टेशनापासून चालत दहा मिनिटांत पोचता येईल, आत जायला पास लागणार नाही, काही विकत न घेता तासभर बसता येईल अशी गिरणीच्या जमिनीवरची जागा सांगा. पत्ता द्या, बागेचं नाव द्या. पोडियम चालणार नाही.